हिरड्याची खूण

"एका अंगावर पडला, त्यो हिरडा सडला."

चिमाबाई हे उठताबसता म्हणायची. सुनेला म्हणायची, शेजारणीला म्हणायची, उंबऱ्यात लोळणाऱ्या कुत्र्यालासुद्धा म्हणायची. घाटघरात पोरं तिची नक्कल करत. कुणी आळसानं पसरलं की दुसरा कमरेवर हात ठेवून म्हणे, "एका अंगावर पडला," आणि बाकीचे हसत पुढचं पुरं करत. पण ते बोल तिचे नव्हते. ते सासूचे होते. सासूनं ते ज्या दिवशी शिकवले, त्या दिवसाचा डाग चिमाबाईच्या उजव्या मांडीवर अजून आहे.

आमच्या डोंगरात भात पोट भरतं, आणि मीठमिरची, कापडचोपड, दवापाणी हे सगळं हिरडा बघतो. चैत्र लागला की माणसं झाडांवर चढतात आणि कोवळा बाळहिरडा काठीनं झोडतात. बाया तो वेचून कातळावर पसरतात. ऊन खाऊन तो काळा पडतो, आक्रसतो, खारकेच्या बीएवढा होतो. दोन्ही टोकांना निमुळता, अंगावर धारा, आणि दाताखाली धरला तर दात हलवील इतका टणक. पण वाळेपर्यंत हिरडा लबाड असतो. वरून सुकलेला दिसतो आणि खालच्या अंगानं घाम धरतो. थोड्या थोड्या वेळानं तो हातानं उलथावा लागतो. नाही उलथला तर खालून पांढरी बुरशी चढते, आणि व्यापारी मूठभर उचलून नाकाला लावतो अन् पाटी बाजूला सारतो.

चिमाबाई लग्न होऊन घाटघरला आली तेव्हा चौदा वर्षांची होती. सासू हिरडा पसरून झाला की त्यावर कुठंतरी एक पांढरी गारगोटी ठेवून रानात जायची. हिरडा उलथला तर गारगोटी आत जाणार, नाही उलथला तर वरच राहणार. याला ती खूण घालणं म्हणायची. नवी सून काय, लेक काय, कुणाच्याच तोंडावर तिचा भरवसा नव्हता.

एका दुपारी चिमाबाईला जांभळीच्या सावलीत डोळा लागला. सासू आली, म्हणाली, "उलथला का गं?" पोर म्हणाली, "उलथला." सासूनं नुसतं बोट दाखवलं. गारगोटी वर होती, उन्हात चमकत होती.

सासूनं हात उगारला नाही. तिनं हिरडा एका कडेला ओढला, मोकळ्या कातळाकडं बघितलं आणि म्हणाली, "पड हितं. उजव्या अंगावर. मी उठ म्हणंस्तवर हलायचं न्हाई." वैशाखाचं ऊन होतं. कातळ तव्यासारखा होता. चिमाबाई पडली. सावली झाडाखालून निघून पार वाटेपर्यंत गेली, तरी सासू उठ म्हणाली नाही. मधे एकदा हौशीराम, तिचा नवरा, तेव्हा मिसरूडही नीट न फुटलेला, पाण्याची कळशी घेऊन आला. आईकडं बघितलं नाही, बायकोकडं बघितलं नाही. कळशी तिच्या अंगाभोवती कातळावर ओतली आणि निघून गेला. आईला शब्द बोलायची त्याची छाती झाली नाही. पण पाणी ओतलं. चिमाबाई ते पाणी जन्मभर विसरली नाही.

संध्याकाळी मांडीची कातडी कातळाला चिकटून राहिली. सासूनं मांडीवर खोबरेल लावलं आणि लावता लावता तो बोल शिकवला.

पुढं सासू गेली, सासरा गेला. चिमाबाईच्या अंगणातला हिरडा मात्र एकदाही परत आला नाही. जुन्नरचे व्यापारी तिची पाटी नाकाला न लावता घ्यायचे, याचा तिला मोठा तोरा होता. हौशीराम झाडावर, ती झाडाखाली, असे अठ्ठेचाळीस चैत्र गेले. खोकल्याला म्हणून दोन-चार वाळले हिरडे तिच्या पदराच्या गाठीला कायम असत. एखादा गालात धरायचा आणि कामाला लागायचं.

यंदाच्या चैत्रात हौशीराम झाडावरून पडला.

फांदी त्याच्या ओळखीची होती. त्या फांदीवर तो पोरगा असताना चढला होता, आजोबा झाल्यावरही चढत होता. ती मोडली नाही, त्याचा पायच निसटला. तो कातळावर पाठीनं आपटला आणि आभाळाकडं बघत पडून राहिला. चिमाबाई धावली तेव्हा त्यानं विचारलं, "चिमे, माझं पाय कुठं हायती?" ते त्याच्याच पुढ्यात होते. तिनं त्यांच्यावर हात ठेवला. त्याला कळलं नाही.

घाटघरहून जीपनं जुन्नर, जुन्नरहून पुढं खालच्या मोठ्या हॉस्पिटलात. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. मुलगा रामनाथ घोडेगावला एका कचेरीत शिपाई. तो सुट्टी टाकून आला. मोठ्या डॉक्टरांनी मायलेकांना समोर उभं केलं.

"कमरेखालचं आता परत येईल असं मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण माणूस जगेल. खुर्चीत बसेल, हातानं जेवेल. एकच गोष्ट सांभाळायची. पाठ फुटू द्यायची नाही, म्हणजे पडून पडून जखम होऊ द्यायची नाही. त्यांना तिथं काही कळत नाही, म्हणून ते सांगणार नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची. या वयात पाठ फुटली, तर मग माझ्या हातात काही नाही."

रामनाथला मणका, सळई, मूत्रपिंड असं बरंच काही समजलं. चिमाबाईला एवढंच समजलं, पण ते पुरं समजलं. तिनं त्याच वेळी मनात ओसरीवर खुर्ची मांडली. हात शाबूत आहेत, निवडायला बसेल, झाडाखालच्या पोरांवर ओरडेल. फक्त हा हिरडा उलथत राहायला हवा.

पुरुषांच्या वॉर्डात नातेवाइकांना थांबू देत नसत. जंतू होतात म्हणत. दुपारी चार ते पाच, पास दाखवून, एकानं आत जायचं. बाकी वेळ बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. चिमाबाई शेडमध्ये बसायची आणि पाण्याच्या निमित्तानं दिवसातून दहा वेळा वॉर्डाच्या काचेच्या दारापाशी जाऊन उभी राहायची.

तिथून तिनं उज्ज्वला सिस्टरला बघितलं. छत्तीस कॉट आणि ही एकटी. वॉर्डची मावशी लंकाबाई नळावर भेटली तेव्हा म्हणाली होती, "दुसरी शिस्टर बाळंतपणाला गेली, तिसरीची जागाच भरत न्हाईत. मलाबी वरच्या मजल्यावर पळवत्यात. त्या मणक्याच्या माणसाला फिरवायला तीन माणसं लागत्यात, आक्का. तीन माणसं हायती कुठं?" उज्ज्वला सिस्टरच्या चपलांचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतलेले दिसत. ती वाईट बाई नव्हती. सलाइन संपलं की धावायची, रक्त दिसलं की धावायची. जे ओरडायचं त्याच्याकडं धावायची. हौशीराम ओरडत नव्हता.

एका सकाळी चिमाबाईनं काचेतून आणखी एक बघितलं. ड्यूटीवर येताच सिस्टर एका टोकाकडून निघाली. प्रत्येक कॉटच्या पायथ्याला तक्ता टांगलेला, त्यावर पेन चालवायचं आणि पुढच्या कॉटकडं जायचं. कुणाच्या अंगाला हात नाही. चिमाबाईला अक्षर येत नाही, पण एवढं तिला कळत होतं की लिहायचं ते काम झाल्यावर. हे तर काम व्हायच्या आधीच लिहून चाललं होतं.

चार वाजता आत जाऊन तिनं विचारलं, "बाई, यास्नी उलथलं का?"

"आजी, तो काय हिरडा आहे का?" सिस्टर चालता चालता म्हणाली. "कूस बदलली म्हणा. बदलली."

शेजारच्या कॉटवर लोणीचा दादाभाऊ होता. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लटकवलेलं, आणि तोंडाला मात्र कसलंच वजन नाही. तो म्हणाला, "हिरडाच हाय की, सिस्टर. घाटघरचा माल. चांगला वाळू द्या, मंग व्यापाऱ्याला बोलवू."

सिस्टरसुद्धा हसली. ती पुढं गेल्यावर दादाभाऊनं आवाज खाली आणला. "आक्का, बदलली म्हंती, पर पाव्हणं परवापासनं छताकडंच बघत्यात. म्या इचारलं, वर काय शिनेमा लागलाय का राव?"

हौशीराम औषधाच्या गुंगीतून म्हणाला, "पंख्याला तीन पाती हायती. एक वाकडं हाय."

चिमाबाईनं पदर खोचला. एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली घातला आणि त्याला फिरवायला लागली. तेवढ्यात सिस्टर पलीकडून ओरडली. "हात लावू नका. ऑपरेशन झालंय. सळई सरकली तर मरतील ते, आणि मग माझ्या नावानं शंख कराल." चिमाबाईनं हात काढले. शिकलेल्या बाईनं मरतील म्हटल्यावर कुठल्या बायकोचा हात पुढं होईल?

बाहेर येऊन तिनं रामनाथला सांगितलं. रामनाथ आत जाऊन तक्ता वाचून आला.

"आये, समदं लिव्हलंय. आठ, धा, बारा, दोन, चार. खाली सही हाय."

"लिव्हलं आसंल. केलं न्हाई."

"मी कचेरीत हाय, आये. खोट्यावर कुणी सही करतं का? अन् तुझ्या असल्या बोलण्यानं त्या बाईला राग आला, तर बाचं कोण बघंल?"

चिमाबाईनं पदराची गाठ सोडली, एक हिरडा गालात धरला, आणि धरल्या धरल्या तिला सासू आठवली. कातळ आठवला. उन्हात चमकणारी गारगोटी आठवली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आत गेली तेव्हा एक हिरडा मुठीत होता. हौशीरामच्या कमरेच्या खळग्यात हात सहज जातो, तिथं अंग गादीला टेकत नाही. तिनं तो हिरडा तिथं सारला, चादरीच्या आणि अंगाच्या मधे. कूस बदलली तर तो खाली पडणार, झाडताना कुणीतरी टाकून देणार. नाही बदलली तर तिथंच राहणार. तिला काही जिंकायचं नव्हतं. उद्या हात घालावा आणि हिरडा सापडू नये, रामनाथ म्हणतो ते खरं निघावं, आपण उगीच त्या बाईवर संशय घेतला म्हणून मनात तिचे पाय धरावेत, एवढीच तिची इच्छा होती.

तो उद्या उजाडला, पण दार उघडलं नाही.

वरून तपासणीची माणसं यायची होती. दोन दिवस नातेवाईक बंद. फरशीला फिनेल, खिडक्यांना नवे पडदे, प्रत्येक माणसावर गळ्यापर्यंत पांढरीशुभ्र चादर. खालची चादर तशीच, वरून नवी घातलेली. चिमाबाई काचेपाशी उभी राहिली की दारावरचा माणूस तिला हुसकायचा. ती म्हणाली, "दादा, माझं येक आत ऱ्हायलंय, तेवढं काढती." तो म्हणाला, "काय राहिलंय?" काय सांगणार? सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण हिरड्यानं सिस्टरची परीक्षा घेतलीय हे परक्या माणसाला सांगायची तिला लाज वाटली. ती म्हणाली, "काय न्हाई." आणि शेडमध्ये येऊन बसली. मनाला म्हणाली, एवढी मोठी माणसं बघायला येणार, आज तरी फिरवतीलच.

आलेल्या माणसांनी तक्ते बघितले. तक्ते उत्तम होते.

तिसऱ्या दिवशी चार वाजता ती पळत आत गेली. कमरेच्या खळग्यात हात घातला. हिरडा नव्हता. क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की ती हसली. मग तिला वास आला. तो वास तिच्या नाकाच्या ओळखीचा होता, बुरशी धरलेल्या पाटीतून येतो त्याच्याच जातीचा. तिनं हात आणखी खाली सारला, माकडहाडापाशी, जिथं सगळं वजन येतं. बोटांना ओल लागली. हिरडा खळग्यातून घसरून तिथं आला होता, आणि तीन दिवस, तीन रात्री त्यावर हौशीराम दगडासारखा पडून होता. त्याला काही कळायचं नव्हतंच. हिरडा आता चादरीवर नव्हता, मांसात होता. तिनं तो बोटांनी काढला तेव्हा त्याच्या प्रत्येक धारेचा ठसा जखमेत उमटलेला होता.

"चिमे, काय शोधतीस?" हौशीराम म्हणाला.

हिरडा हातात धरून ती उभी राहिली. उज्ज्वला सिस्टरनं तिच्या हाताकडं बघितलं, मग हौशीरामच्या पाठीखाली डोकावून बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू त्यावर रंग परत आला, कारण तिला सुटायची वाट दिसली.

डॉक्टर आले, मेट्रन आली, रामनाथला बोलावलं. हिरडा एका स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला.

"पेशंटच्या अंगाखाली यांनी हे घातलं," सिस्टर म्हणाली. "माझा तक्ता बघा. दर दोन तासांनी कूस बदललीय. तीन दिवसांत एकही घर रिकामं नाही."

रामनाथनं आईकडं बघितलं. "आये, तू घातलास?"

"घातला."

"का?"

"खूण घातली," चिमाबाई म्हणाली. मग तिनं सगळ्यांकडं बघितलं आणि सावकाश, सांगून झाल्यावर परत सांगावं लागू नये असं म्हणाली, "येकडाव जरी उलथलं असतं यास्नी, तरी हिरडा खाली पडला असता."

डॉक्टरांनी तक्त्याकडं बघितलं, मग सिस्टरकडं. सिस्टरच्या बोटांतलं पेन थांबलं. मेट्रन मात्र तीस वर्षांची मुरलेली होती. ती म्हणाली, "कूस बदलल्यावर मागं चिकटूनही राहतं एखादं. आणि कुणी काय घातलं त्याला आमच्या सिस्टरनी काय करायचं?"

"यास्नीच इचारा," चिमाबाई म्हणाली.

"म्या नुसता पंखा बघितलाय," हौशीराम छताकडं बघत म्हणाला. "रातदिस पंखा."

"ते काल बैल कुठं बांधलेत विचारत होते," सिस्टर हळू म्हणाली. "औषधानं भ्रम होतो."

रामनाथ दादाभाऊकडं वळला. "दादा, तुमी शेजारी हाय. फिरवलं का वो यांना?"

दादाभाऊच्या तोंडाला पहिल्यांदाच वजन आलं. त्याला अजून महिनाभर त्याच कॉटवर काढायचा होता. त्याचं शौचाचं भांडं द्यायचं आणि घ्यायचं ते सिस्टरच्याच हातांनी. त्यानं सिस्टरकडं बघितलं नाही, चिमाबाईकडंही बघितलं नाही. पायाला टांगलेल्या वजनाकडं बघत म्हणाला, "मला गोळीनं सारखी झोप येती, राव."

मेट्रननं कागद आणला. जखम नातेवाइकाच्या कृत्यानं झाली, असं त्यावर होतं. सही करा, नाहीतर पेशंट आजच घेऊन जा, असं कागदावर नव्हतं, ते तिनं तोंडी सांगितलं. रामनाथनं दोनदा वाचलं आणि सही केली. मग आईचा अंगठा धरला, शाईच्या डबीत टेकवला आणि त्याच कागदावर दाबला. तिनं हात सोडवून घेतला नाही. पोरगा कचेरीत होता, कागदातलं त्याला कळत होतं.

"पास दे," तो म्हणाला. तिनं गाठीतून पास काढून दिला. "आता घाटघरला जा. परत येऊ नको. मी बघतो."

"तू उलथशील?"

"आये, जा."

हौशीराम त्यानंतर एकोणीस दिवस जगला. ती जखम हाडापर्यंत गेली, ताप चढत गेला, आणि शेवटी तो कुणाच्याच ओळखीचा राहिला नाही. मयत झाल्याच्या कागदावर मणक्याचं नाव होतं, पाठीचं नव्हतं. घाटघरात आजही म्हणतात की चिमीनं नवऱ्याच्या अंगाखाली हिरडा घालून त्याला मारला. पोरं आता तिची नक्कल करत नाहीत, आणि तीही आता तो बोल म्हणत नाही. पण हे नंतरचं.

त्या दिवशी डॉक्टर समोर उभे होते, म्हणून तीन माणसं मिळाली. लंकाबाई आली, वरच्या मजल्यावरून दोन वॉर्डबॉय आले. एकानं खांदे धरले, एकानं कंबर, लंकाबाईनं पाय. एक, दोन, तीन, आणि हौशीराम कुशीवर आला. पान लावून तोंडात टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही लागला नाही. चिमाबाई दारातून बघत होती. इतकं सोपं होतं ते.

त्याचं तोंड भिंतीकडं झालं, पाठ दाराकडं.

"चिमे, हायस का?" तो भिंतीला म्हणाला.

"हाय," चिमाबाई म्हणाली.

आणि ती वळली. काचेचं दार तिच्यामागं आपोआप लागलं. सिस्टर पुढच्या कॉटकडं गेली, रामनाथ डॉक्टरांच्या मागं गेला, लंकाबाईला वरून हाक आली. भिंतीकडं तोंड करून हौशीराम तिच्याशी बोलत राहिला. हिरड्याच्या झाडाचं बोलला, जांभळीखालच्या कातळाचं बोलला, मधे विचारलं, "हिरडा उलथला का गं?" आणि उत्तराची वाट बघत थांबला.

दादाभाऊच्या कॉटमागं खिडकी होती. तिच्यातून आवार दिसे, फाटक दिसे आणि पलीकडं एसटीच्या थांब्याकडं जाणारा रस्ता. चिमाबाई शेडमधलं गाठोडं न घेताच निघाली. शाई लागलेला अंगठा तिनं बाकीच्या बोटांपासून लांब धरला होता, कशाला लागू नये म्हणून. फाटकाशी ती थांबली नाही, मागं बघितलं नाही. रस्ता ओलांडून ती उन्हातून चालत गेली, रसवंतीच्या गाड्यापर्यंत, मग त्याच्याही पुढं.

ती दिसेनाशी होईपर्यंत लोणीचा दादाभाऊ बघत राहिला. त्याच्या पायाला वजन होतं, मान मात्र मोकळी होती. शेजारच्या कॉटवरून पुन्हा तोच प्रश्न आला, आणि दादाभाऊनं खिडकीबाहेरची नजर आत आणली नाही.